अक्काचं कपाळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी घाटाकडे फिरायला जातो त्या मित्रांना नाही — आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काही नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ कशी टाळूला चिकटते ते पुढे कळेलच.

गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. मी नांदेडला कॉलेजात भूगोल शिकवतो, माझी मोठी बहीण लातूरला भांड्यांचं दुकान चालवते, आणि आम्ही दोघं पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर सुट्टीला जायचं ठरवत होतो. हसलात ना? हसा. आम्हीही पुष्कळ हसलो. ते हसणं चाललं होतं तोवर माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं — म्हणजे फारसं नाही.

आम्ही मूळचे जळकोटचे. अक्का माझ्याहून बरीच मोठी. लग्न होऊन लातूरला गेली, मूलबाळ झालं नाही, आणि दाजी गेल्यावर त्यांचं दुकान तिनं हातात घेतलं. दाजी गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं. मी तिथंच उभा होतो. तिनं पुसू दिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली, आणि उठली तेव्हा कपाळभर विभूती — तीन बोटांच्या तीन पट्ट्या, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. आधी ती इतकी रुंद लावायची नाही. तेव्हापासून लावायला लागली. भांड्यांच्या बाजारात तिला लोक त्या कपाळावरूनच ओळखायचे. लांबून आधी कपाळ दिसायचं, मग अक्का.

हे कपाळ ध्यानात ठेवा. सगळं त्याच्यापाशीच येणार आहे.

दाजी गेल्यावर ती मला दर सोमवारी दुपारी फोन करायची. सोमवारी तिचा उपास, स्वयंपाक नाही, दुकानात गिऱ्हाईक कमी. एकदा काय बोलावं ते सुचेना म्हणून मी तिला त्या दिवशी वर्गात शिकवलेलं सांगायला लागलो. फिजी नावाचा देश आहे, त्यात तावेऊनी नावाचं छोटंसं बेट आहे, तिथं एक पाटी रोवलेली आहे. पाटीच्या या बाजूला आज आणि त्या बाजूला काल. एक पाय आजमध्ये, एक कालमध्ये ठेवून लोक फोटो काढतात.

अक्कानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् सोमवार कुठल्या पायाचा धरायचा रं शिवा?"

तिथून सुरू झालं. एका बाजूला उपास आणि दुसऱ्या बाजूला जेवण, असं काहीतरी तिनं लगेच जमवलं. बेटाचं नाव तिच्या तोंडात बसेना. "तवा ऊन हाय का नाव त्याचं?" म्हणाली. भांडीवालीच ती. तेव्हापासून आमच्यात त्या बेटाचं नाव तवा. तव्याला कधी जायचं? तव्यावर पाऊस असेल का आता? दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ती फोनवर हे विचारायची, आणि गिऱ्हाईकाला वाटायचं, तव्याचाच काही सौदा चाललाय.

आता एक सांगून टाकतो. तारीख बदलणारी खरी रेषा त्या पाटीवरून जातच नाही. नकाशावर तिला वळसा दिलेला आहे, सगळ्या बेटावर एकच वार असतो. ती पाटी नुसती फोटोपुरती. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं — मी तेच शिकवतो. अक्काला सांगितलं नाही. तिचा आनंद कशाला घालवायचा, असं म्हणालो स्वतःशी. पण मनाशी खरं बोलायचं तर, मला त्या पाटीमुळे तिच्याकडून मिळणारं कौतुक सोडवत नव्हतं. मी खोटं बोललो नाही, फक्त बोललो नाही. माझी रीत ही अशी. ओळखून ठेवा.

माझ्यासाठी तो खेळ होता. पाठ्यपुस्तकात नसलेलं काहीबाही शोधून मी सोमवारची तयारी करायचो. तिथले लोक कसावाचे कंद उकडून खातात, आणि आपला साबुदाणा त्याच्यापासूनच होतो, हे सांगितलं तेव्हा तिला कोण आनंद झाला! म्हणजे तिथं रोजच उपासाचं जेवण, आपलं काही अडत नाही. ती बाईमाणूस एकटी, लातूरच्या नळाला पाणी कधी येईल त्याची वाट बघत ड्रम भरून ठेवणारी. मी चहूकडून पाणी म्हणालो, की ती म्हणायची, "यवढं पाणी आन् टँकर न्हाई!" मला वाटायचं, बोलण्यात काय जातंय. जाणार कोण आहे?

ती जाणार होती. हे मला कळलं ते तिनं पासपोर्टसाठी मला बरोबर बोलावलं तेव्हा.

फोटो काढणारा मुलगा बिचारा चांगला होता. म्हणाला, आजी, उजेडात कपाळ चमकतंय, जरा पुसता का? चालतं तसंही, पण पुसलं तर फोटो चांगला येईल. अक्का खुर्चीत ताठ बसलेली. म्हणाली, "पुसायचं ते एकदा पुसलंय बाबा. ह्ये न्हाई पुसायची." त्यानं तसाच फोटो काढला. मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला. खरंच वाटला. म्हणून तर पुढचं सांगणं जड जातंय.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस दुकानात आला, तसं सगळ्या बाजाराला कळलं. अक्का विमानानं तव्याला निघाली. आता माघार कशी घ्यायची? मी घाबरलो, आणि घाबरून चारचौघांना त्यात ओढलं. आमच्या कॉलेजातले दोन सर आणि त्यांच्या बायका फिरणाऱ्यांपैकी — त्यांना विचारलं. ते तयार झाले. माझी बायको सुनंदाही तयार झाली. आणि खेळ होता तो एकाएकी कार्यक्रम झाला.

सगळं ठरवायला एका रविवारी माझ्या घरी बसायचं ठरलं. अक्का लातूरहून एसटीनं आली. धपाट्यांचा डबा, शेंगाची चटणी, दह्याचं भांडं. सगळ्यांना स्वतः वाढलं. मग आमच्या मधोमध बसून विचारायला लागली. इमानात इभूत लावून बसू देतेत का? सकाळी पूजेला तांब्याभर पाणी लागतं, तेवढं मिळतंय का? हाटेलात खाली चटईवर झोपलं तर कुणी काही म्हणतंय का? आणि त्या पाटीपाशी गर्दी असती का, आपल्याला निवांत उभं राहता येतं का?

प्रश्न काही वाईट होते? आज मला एकही वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी एका सरांच्या बायकोनं दुसरीकडे बघून ओठ दाबले. दुसरी खाली बघून हसली. आणि मी — मी पण हसलो. मोठ्यानं नाही. त्यांना दिसेल एवढंच. मी तुमच्यातला आहे, असं सांगणारं ते हसणं होतं. अक्कानं पाहिलं का? मला माहीत नाही. ती त्या हसणाऱ्या बाईच्या ताटात आणखी एक धपाटं ठेवत होती.

ती गेल्यावर थोरल्या सरांनी मला गॅलरीत नेलं. म्हणाले, "सर, तुमच्या भगिनी फार चांगल्या आहेत हो. पण आपला ग्रुप जरा..." एवढंच. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते पुरं मी केलं. म्हणालो, हो हो, बघतो मी. त्यांनी मागितलंही नव्हतं, मीच उचलून दिलं. रागावता आलं असतं. ती येणार नसेल तर मीही नाही, एवढे चार शब्द. चार शब्दांना असं काय लागतं? ते माझ्याकडे नव्हतं. नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दुपारी फोन वाजला.

"काय करलालास शिवा? तिकिटाचं कुठवर आलं?"

मी म्हणालो, अक्का, तुझा व्हिसा झाला नाही.

थांबा. इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या देशात जायला आपल्या पासपोर्टवर आधी व्हिसा काढावाच लागत नाही. उतरल्यावर विमानतळावर शिक्का मारतात, झालं. ज्या देशानं तिला काही विचारलंही नव्हतं, त्याच्या तोंडी मी नकार घातला. माझं नाही म्हणणं मी समुद्रापलीकडच्या, कधीच तिच्यासमोर न येणाऱ्या माणसांवर ढकललं. किती सोपं गेलं मला ते. आधी ठरवलेलंही नव्हतं. तोंड उघडलं आणि तयारच होतं.

तिकडे दुकानात कुठंतरी पातेली एकात एक बसवत होते, त्याचा आवाज येत होता. मग तिनंच विचारलं, हळू — "फोटोमुळं का रं? त्यो पोरगा म्हनत होता, कपाळ पूस म्हनून."

मी काय म्हणायला हवं होतं? काहीही. कागद अपुरे, वय, नियम — काहीही चाललं असतं. निदान नाही म्हणायचं. मी म्हणालो, "असेल."

असेल. भस्म लावणारी माझी बहीण त्या लोकांना चालली नसेल, असेल. हे मी बोललो. जो तिच्या त्याच कपाळावरून गॅलरीत मान खाली घालून आला होता, तो.

आणि ती हसली हो. म्हणाली, "म्हंजे कपाळातच नव्हतं म्हन की!" शब्दावर कोटी करायची तिची सवयच. मीही हसलो. फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं होतं, तेही लपवत नाही. इकडे सरांना आणि सुनंदाला मी सांगितलं की गुडघ्यांमुळे अक्काच नको म्हणाली. सुनंदानं तिला फोनवर गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. वयाप्रमाणं दुखतेतच की, असं अक्का म्हणाली. तेही जुळून गेलं. माझं सगळंच जुळत गेलं, तेच वाईट झालं.

मला वाटलं, संपलं. काही दिवसांनी स्टाफरूममध्ये बसलो होतो आणि मोबाइलवर तिचा फोटो आला. स्टुडिओत जाऊन काढलेला, मागं पांढरा पडदा. पहिल्यांदा मला कळलंच नाही की ही कोण. मग कळलं. कपाळ कोरं होतं. वर्षानुवर्षं भस्म लावून तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्याहून जरा निराळी झालेली, त्यामुळे पट्ट्या पुसल्या तरी त्यांची जागा दिसत होती. डोळे थेट समोर. शाळेतल्या मुलीनं पट्टी खायला हात पुढे करावा, तशी बसली होती. खाली आवाजातला निरोप होता — "आता ह्यो दाव त्यास्नी. पुसलंय."

दाजी गेले तेव्हा तिचं कुंकू दुसऱ्यांनी पुसलं होतं. हे तिनं स्वतःच्या हातानं पुसलं. तव्यासाठी. माझ्याबरोबर जायचं म्हणून.

त्या क्षणी उठून लातूरची बस पकडायला हवी होती. मी घंटा झाली म्हणून वर्गात गेलो. शिकवलं. परत आल्यावर तिला लिहिलं, बघतो. आणि पुढच्या एका सोमवारी सांगितलं, परत नाही म्हणाले. पहिलं खोटं घाबरून बोललो असं म्हणता येईल कदाचित. हे दुसरं? ह्याला मला नाव सापडत नाही.

आणि मग काय झालं असेल? आमचा कार्यक्रमच बारगळला. एका सरांच्या मुलीचं लग्न ठरलं, दुसऱ्यांना एकट्यानं जायचं नव्हतं. ज्यांच्यासाठी मी अक्काला गाळलं, ते तव्याचं नावही विसरले. आता वाट मोकळी होती. मी आणि अक्का, दोघंच जाऊ शकत होतो, पहिल्यापासून ठरलं होतं तसं. मधे काय होतं? काहीच नाही. फक्त मी सांगितलेला तो व्हिसा. जो नव्हताच, तोच आड आला. जाऊ म्हणायचं तर आधी खोटं बोललो म्हणायला हवं, आणि ते म्हणायचं तर... मी किती वेळा तिथपर्यंत जाऊन परत आलो, मोजलेलं नाही.

मी जात नाही असं तिला सांगितलं, एवढंच. का, ते सांगितलं नाही. बोललोच नाही — माझी रीत तुम्हाला सांगितलीच आहे. तिनं तिचा अर्थ काढला. पुढे उदगीरला एका लग्नात गेलो तर पंगतीत दोन-तीन जणी येऊन माझ्या पाया पडायच्या बेतात. असा भाऊ कुणाचा असतो, बहिणीला नाही म्हणाले म्हणून यानं स्वतःचं जाणं सोडलं! अक्का शेजारी उभी, माझ्याकडे बघत. तोंडावर एवढं समाधान की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळालो नाही. जिलेबी घेतली आणि खाल्ली.

आणि तिचं कपाळ? तिनं विभूती पुन्हा लावायला घेतली, पण त्या तीन पट्ट्या पुन्हा आल्या नाहीत. आता मधोमध अंगठ्यानं टेकवलेला एक ठिपका असतो, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मी एकदा विचारलं. न विचारून कसं चालेल, सगळेच विचारत होते. म्हणाली, "एकदा लालचीपायी माझ्याच हातानं पुसलं ना मी. पयल्यावानी लावायला हात धजत न्हाई." आपल्या हातून पाप झालं असं तिला वाटतं. देवाचं पुसलं आणि मिळालं तर काहीच नाही, असं. पाप कुणाचं, ते तिच्यासमोर बसलं होतं, चहा पीत.

एकदा सांगायचंच म्हणून लातूरला गेलो होतो. खरंच गेलो होतो. बसमध्ये वाक्य तयार केलं, दुकानाच्या पायऱ्या चढलो. तिनं मला बघितलं, काउंटरमागून उठली, वर टांगलेल्या लोखंडी तव्यांतला एक जड तवा काढला, फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला. "त्यो न्हाई तर ह्यो तरी घे!" आणि इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. मी तवा घेऊन नांदेडला परत आलो. सुनंदा त्याच्यावर रोज भाकरी करते. भाकरी छान होतात, असं म्हणते. मी जेवतो.

एवढं सगळं आज का आठवलं तर परवाचा सोमवार. दुपारी नेहमीसारखा फोन आला. अक्काचा आवाज आता थकल्यासारखा येतो, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलंय. म्हणजे तो प्रश्नही आता उरला नाही. भांड्यांच्या भावाची, पावसाची, नळाची अशी थोडी इकडची तिकडची चौकशी झाली.  आणि म्हणाली —

"शिवा, एक बोलायचं होतं. लई दिसापासून मनात हाय. माझ्या कपाळापायी तुझंबी तव्याला जानं ऱ्हायलं रं. माझी चूक झाली. त्या पोराचं ऐकून येळंवर पुसलं असतं तर तू बघून आला असतास. मनात काही ठिऊ नको."

ही वेळ होती. ह्याहून सोपी वेळ कुणाला मिळते? तिनं दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी तोंड उघडलं. ते उघडलेलं मला आठवतंय.

मी म्हणालो, "जाऊ दे अक्का. मी मनात काही ठेवलेलं नाही."

म्हणजे मी तिला माफ केलं.

तिकडून तिचा श्वास सुटलेला ऐकू आला, मोठा, ओझं खाली ठेवल्यावर सुटतो तसा. तिला बरं वाटलं. मग तिनं नेहमीसारखं विचारलं, जेवलास का? मी म्हणालो, हो, जेवलो.